बूट काढून गाडीत बसणारा माणूस

त्यांचं नाव मी सांगणार नाही. आमच्या कंपनीत, आमच्या सोसायटीत आणि खुद्द माझ्या घरात ते इतक्या वेळा घेतलं गेलंय की त्यात माझी भर नको. सगळे त्यांना काका म्हणत. मी वयाने लहान आणि हुद्द्याने मोठा, त्यामुळे नुसत्या 'अहो'वर भागवायचो. ते मला साहेब म्हणायचे. त्या 'साहेब'मध्ये आदर किती आणि सवय किती, याचा अंदाज मला कधीच आला नाही.

आमची कंपनी चाकणला. गाड्यांचे ब्रेक पॅड बनवते. ब्रेक दाबला की चाकाच्या लोखंडी चकतीला दोन बाजूंनी चिमटीत धरणाऱ्या दोन जाड वड्या असतात, ते पॅड. ते झिजण्यासाठीच जन्माला आलेले असतात. ते किती दिवसांत झिजतात, कसे झिजतात, झिजताना काय खुणा दाखवतात, हे तपासणारी प्रयोगशाळा माझ्याकडे आहे. मी एम.ई. झालेला माणूस. माझ्या हाताखाली खोलीभर मशीन आहे आणि त्याच्या पडद्यावर एका वेळी बारा आलेख हलत असतात. तरीही तक्रारीची एखादी गाडी आवारात शिरली की वरचे साहेब मला फोन करून पहिलं वाक्य म्हणायचे, "काकांना जरा बसवून आणा हो गाडीत."

बसवून आणा! जसं काही काका बसले की गाडीला गुण येणार होता.

आणि काका बसायचे. तो एक सोहळाच असायचा. आधी गाडीभोवती एक फेरी. मग ड्रायव्हरच्या शेजारचं दार उघडायचं, पायाखालची मॅट उचलून मागे टाकायची, कंपनीचे जाडजूड सेफ्टी शूज काढायचे, मोजे काढून त्यांच्यात कोंबायचे आणि ते बोचकं साडीच्या दुकानाच्या एका जुन्या पिशवीत घालून मांडीवर घ्यायचं. मग दोन्ही तळपाय गाडीच्या उघड्या पत्र्यावर सपाट टेकवून डोळे मिटायचे. ड्रायव्हर आवारातल्या ट्रॅकवर दोन चकरा मारायचा, चार वेळा ब्रेक दाबायचा. काका उतरायचे, चारही चाकांना हाताची मागची बाजू लावून पाहायचे, जशी आई तापलेल्या पोराच्या कपाळाला लावते, आणि सांगायचे, "उजवं म्हागचं. आतला पॅड ग्येला." चाक उघडलं की उजवं मागचं, आतला पॅड गेलेला. माझं मशीन तेच तिसऱ्या दिवशी, अठरा पानांत सांगायचं.

सेफ्टी ऑफिसरने त्यांना शूज काढण्याबद्दल तीन मेमो दिले. तिन्ही त्यांनी घडी घालून त्याच साडीच्या पिशवीत ठेवले होते.

मला त्यांचा मत्सर वाटायचा. हे मी आता सरळ लिहितो, कारण तेव्हा मी त्याला फार छान छान नावं दिली होती. 'शास्त्रीय दृष्टिकोन' हे त्यातलं एक. कँटीनमध्ये कोणी "काकांचे कान म्हणजे कान आहेत राव!" म्हणालं की मी म्हणायचो, "त्याला आधार काय? नोंद काय?" मग सगळे माझ्याकडे अशा नजरेने पाहायचे, जणू मी लग्नात उखाण्याच्या वेळी हुंडाविरोधी कायदा काढला आहे.

कान. सगळ्या कंपनीचं एकमत होतं की काकांचा कान दैवी आहे. ते डोळे मिटून, मान किंचित कलती करून बसायचे, म्हणजे ऐकतच असणार. त्यांनी स्वतः तसं कधी सांगितलं नाही. कोणी तोंडावर स्तुती केली तर मिशीतल्या मिशीत हसायचे. मला ते हसू आढ्यतेचं वाटायचं.

आढ्यतेचे पुरावे माझ्याकडे भरपूर होते. मागून कितीही हाका मारा, हा माणूस वळणार नाही. त्यांच्याशी बोलायचं तर दरबारात जावं तसं पुढ्यात जाऊन उभं राहायचं. "समोर या, समोर येऊन बोला," असं ते माझ्या वरच्या साहेबांनाही म्हणाले होते, आणि साहेब आले होते! जेवायला कायम भिंतीला पाठ लावून, टेबलाच्या टोकाला, चेअरमनसारखे. मशीनच्या खोलीत उभं राहायची जागाही ठरलेली. धोक्याचा बझर वाजला की पेटतो, त्या लाल दिव्याच्या बरोबर समोर. तिथे दुसरं कोणी उभं असेल तर त्याला खांद्याला धरून बाजूला करायचे. मास्कचे दिवस आले तेव्हा तर ते कोणाशी धड बोलेनातच. विचारलं एक तर मान भलतीकडेच हलवायचे, कधी नुसतेच बघत राहायचे. मला आत कुठेतरी बरं वाटलं. म्हटलं, चला, वय झालं, जरा नरमले.

माझ्या घरी हे दुखणं कसं शिरलं ते सांगतो. आम्ही निगडीला प्राधिकरणात राहतो आणि ते तिथून दहा मिनिटांवर यमुनानगरला. परचेसमधले दोघे, काका आणि मी असे चौघे मिळून जायचो आणि काका सोडून तिघे आळीपाळीने गाडी काढायचो. आठवडाभर एकाची गाडी. काकांकडे गाडी नव्हती, तरी त्यांच्याकडून पेट्रोलचे पैसे घ्यायचे नाहीत असं बाकीच्यांनी परस्पर ठरवलं होतं, कारण ते गाडीत बसणं म्हणजे फुकटातलं सर्व्हिसिंग होतं. माझ्या गाडीतही ते पुढे बसायचे. माझ्या गाडीतली मॅटही मागे जायची. तळवड्याच्या चौकात रोज अर्धा तास ब्रेक दाब, सोड, दाब, सोड चालायचं आणि शेजारी हा माणूस अनवाणी, डोळे मिटून. मला परीक्षेला बसल्यासारखं व्हायचं.

मी स्टेथोस्कोप आणला, हेही सांगून टाकतो. मेकॅनिक वापरतात तसा, पुढे लोखंडी सळी असलेला. रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी जॅकवर चढवून, चाक हाताने फिरवत मी उकिडवा बसून ऐकत होतो. मला माझ्याच नाडीचे ठोके ऐकू आले. वॉचमन बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "साहेब, गाडीला ताप आलाय का?" आणि संध्याकाळपर्यंत ते माझ्या बायकोला कळलं. ती म्हणाली, "एवढं कशाला? काकांना विचार ना सरळ."

गार्गीचं प्रकरण त्याच वर्षीचं. गार्गी माझी मुलगी. तिला गाडी शिकवायला मी बसलो आणि तिसऱ्या दिवशी ती स्पाइन रोडवर गाडी मधोमध सोडून, दार आपटून, रिक्षाने घरी आली. मी ओरडलो होतो, हे खरं आहे. क्लच कसा काम करतो याची आकृती मी तिला चालत्या गाडीत हवेत काढून दाखवत होतो, हेही खरं आहे. पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता काका आमच्या दारात. बायकोने बोलावलं होतं, मला न विचारता. महिनाभर ते दर रविवारी तिला घेऊन जायचे. परत आली की ही पोरगी हसत यायची. एकदा पाहतो तर तिच्या सँडल्स हातात.

"हे काय?"

"काका म्हणतात, आधी पायाला शिकू दे, मग डोक्याला."

"आणि एखादा खिळा रुतला म्हणजे?"

"बाबा, गाडीत खिळे असतात?"

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती मी अनुभवली, आणि तीसुद्धा बूट घातलेल्या तळपायाची. माझी मुलगी, माझी गाडी, माझा विषय. त्या विषयात मी निबंध वाचलेले आहेत. पण रस्त्यावर काही खुट्ट झालं की ती माझ्याकडे बघायची नाही, म्हणायची, "काकांना विचारते."

काकांना धुतलेल्या गाडीचा तिटकारा होता. आठवड्याभराची मळलेली चाकं त्यांना हवी असायची. पॅड झिजला की त्याची काळी पूड चाकावर बसते, चार चाकांपैकी एक जास्त काळं दिसलं तर तिथे काहीतरी जास्त घासतंय, एवढा साधा हिशोब. "धुऊन दाखवनं म्हंजी गोळी घेऊन ताप उतरवायचा आन् मंग डाक्टरकडं जायचं," असं ते म्हणायचे. त्यामुळे परचेसच्या दोघांनी चाकं धुणं सोडून दिलं होतं. मी उलट वाढवलं. आधी रविवारी धुवायचो, ते एक दिवसाआड धुवायला लागलो. शॅम्पू लावून, जुन्या टूथब्रशने, नटांच्या खाचांतूनसुद्धा.

नवरात्र बसलं त्या आठवड्यात माझ्या गाडीची पाळी होती. कंपनीच्या गेटशी आम्ही उतरलो. काकांनी पिशवीतून शूज काढून सावकाश घातले, मग वाकून माझ्या पुढच्या दोन्ही चाकांना आलटून पालटून हात लावला.

"साहेब, डावं फुडचं बघून घ्या."

"का? काही आवाज येतोय का?"

"आवाजाचं मला काय इचारता! गरम हाय. आन् बिरेक मारला का गाडी डावीकडं जरा वढती. बघून घ्या."

परचेसचे दोघे शेजारीच उभे होते. त्यातला एक म्हणाला, "गेला राव तुमचा पॅड. साहेबांच्याच गाडीचा!" आणि दोघे हसले. वाईट हेतूने नाही. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो मीच, हे त्या हसण्यात होतं, आणि मला ते लागलं.

संध्याकाळी मी टॉर्च घेऊन चाकाच्या आऱ्यांमधून आत पाहिलं. पॅड चांगला जाड होता. शिवाय पॅडला एक छोटी पत्र्याची जीभ असते. पॅड झिजला की ती जीभ चकतीला घासते आणि गाडी चिरकायला लागते, म्हणजे मालकाला इशारा मिळतो. माझी गाडी चिरकत नव्हती. एवढा पुरावा मला पुरेसा वाटला. खरं सांगायचं तर मला काका चुकलेले हवे होते, आणि ते चुकले आहेत असं दाखवणारा पहिला पुरावा मिळताच मी टॉर्च बंद केला.

चार दिवसांनी गार्गीने विचारलं, "बाबा, काका म्हणाले डावं चाक दाखवायला सांगितलंय. दाखवलंस?"

"हो," मी म्हणालो. "दाखवलं. काही नाहीये."

दसऱ्याला मी गाडी अशी चमकवली की चाकात तोंड दिसावं. झेंडूची माळ घातली, पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवली, बायकोने ओवाळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला सर्दी-तापाची कणकण होती म्हणून मी घरीच राहिलो आणि गार्गी गाडी घेऊन तळेगावला कॉलेजला निघाली. मागे दोन मैत्रिणी. माळ तशीच होती.

सव्वानऊला तिचा फोन आला. "बाबा, मी ठीक आहे," हे पहिलं वाक्य. मुलीच्या तोंडून हे पहिलं वाक्य ऐकणं म्हणजे काय, ते ज्याने ऐकलंय त्यालाच कळेल. सोमाटणे फाट्याच्या अलीकडे तिच्या पायाला काहीतरी खरखर लागली, गाडी डावीकडे ओढली आणि जळका वास आला. पुढे उतार होता, उतारावर ट्रक होते. तिने गिअर उतरवत, हळूहळू, कडेला घेऊन थांबवली होती.

"आता तिथेच थांब, गाडी हलवू नकोस, मी येतो," मी म्हणालो.

"काका पोचलेत," ती म्हणाली. "मी त्यांना आधी फोन केला."

काका दसऱ्याला त्यांच्या गावी होते, तळेगावच्या पलीकडे मावळात. जवळ होते म्हणून तिने त्यांना आधी फोन केला, असं मी मित्राच्या मोटरसायकलवर मागे बसून, अंगात ताप घेऊन, सोमाटण्यापर्यंत स्वतःला समजावत गेलो. खरं कारण मला ठाऊक होतं. माझ्याकडून तिला 'काही नाहीये' एवढंच मिळालं होतं.

पोचलो तेव्हा तिन्ही मुली कडेच्या टपरीपाशी चहा पीत होत्या. गाडी झाडाखाली. काका चाकाजवळ जमिनीवर मांडी घालून बसले होते, अनवाणी, पाठ माझ्याकडे. चाक काढून बाजूला ठेवलेलं, त्याच्या आऱ्यात झेंडूचं एक फूल अडकलेलं. मी हाक मारली. वळले नाहीत. पुन्हा मारली. नाहीत. त्या क्षणीसुद्धा माझ्या मनात आलं की बघा, अजून गुर्मी जात नाही. तेवढ्यात आमच्या अगदी मागून एका ट्रकने कर्कश हॉर्न दिला. मी दचकून कठड्याला चिकटलो. काका जागचे हललेसुद्धा नाहीत.

गार्गीने माझी बाही धरली आणि हळूच म्हणाली, "बाबा, समोरून जा. त्यांना ऐकू येत नाही."

"कोणाला?"

"काकांना. मी फोन केला तो काकूंनी घेतला. म्हणाल्या, त्यांना फोनवर काहीच ऐकू येत न्हाई गं बाळ, तू मलाच सांग."

मी तिथेच उभा राहिलो. पुढ्यात येऊन बोला. भिंतीला पाठ. लाल दिव्यासमोरची जागा. मास्कच्या दिवसांतलं ते गप्प होणं. इतकी वर्षं मी ज्या कानांवर जळत होतो ते कान नव्हतेच! मी स्टेथोस्कोप विकत घेतला होता.

मी वळसा घालून समोर गेलो. त्यांनी वर पाहिलं, आधी माझ्या ओठांकडे, मग डोळ्यांकडे.

"तुम्हाला ऐकू येत नाही?"

त्यांनी टपरीकडे, गार्गीकडे पाहिलं आणि काय झालं असेल ते ओळखलं. मग म्हणाले, "भोसरीला पत्र्याच्या प्रेसवर बावीस वर्सं व्हतो साहेब. कान तिथंच ऱ्हायले. येताना पाय तेवढं घेऊन आलो." आणि हातातला आतला पॅड त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. त्याच्यावर वडी उरलेलीच नव्हती. नुसता लोखंडी पत्रा, घासून आरशासारखा झालेला आणि अजून कोमट. बाहेरचा पॅड, टॉर्चने पाहिलेला तो, चांगला जाड होता. ब्रेकची पकड जाम झाली की आतला एकटाच झिजतो, हे मी स्वतः नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवतो.

आणि पत्र्याची जीभ? ती त्या पॅडला नव्हतीच. ते आमच्याच प्रयोगशाळेतले चाचणीचे पॅड होते. आठ-नऊ महिन्यांपूर्वी उरलेला एक सेट मी मोठ्या अभिमानाने माझ्या गाडीला बसवला होता आणि फाइलमध्ये माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'नमुन्याला जीभ नाही.' मी दहा-बारा दिवस अशा इशाऱ्याची वाट पाहत होतो जो येणंच शक्य नव्हतं.

'मी सांगितलं होतं,' असं काका म्हणाले नाहीत. ते बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी चाकाकडे पाहिलं, माझ्या टूथब्रशने घासलेल्या त्या चकचकीत चाकाकडे, आणि नुसतं "लई धुतलंय," म्हणाले. गार्गी मात्र बोलली. घरी गेल्यावर, बायकोसमोर. "तू म्हणालास दाखवलं. माझ्याबरोबर अजून दोघी होत्या, बाबा." ती ओरडली नाही. ओरडायचं तिने माझ्याकडून घेतलेलं नाही.

माणूस असा प्रसंग पाहून सुधारतो, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. आठवड्याभराने माझ्या लक्षात आलं की माझ्या हातात आता एक गोष्ट आहे. आमच्याकडे नियम आहे, धोक्याचा बझर ज्याला ऐकू येत नाही त्याने मशीनच्या खोलीत उभं राहायचं नाही. त्याला स्टोअरला पाठवतात, खोकी मोजायला. काकांच्या निवृत्तीला दीड वर्ष होतं. डिसेंबरात वैद्यकीय तपासणीची गाडी येते, एका बंद पेटीत बसवून प्रत्येकाचा कान तपासतात. आणि बाहेर जाण्याच्या परवानगीचे जुने कागद काढून पाहिले तर दर वर्षी नेमक्या त्या दिवशी काका चाचणीच्या गाडीबरोबर बाहेर रस्त्यावर. ड्रायव्हर चालवणार, हे शेजारी अनवाणी. त्या प्रत्येक कागदावर सही माझी.

त्या वर्षीचा कागद सकाळी माझ्या टेबलावर आला. मी तो तसाच ठेवला. आठ वाजले, नऊ वाजले. तपासणीची गाडी गेटजवळ लागली, रांग सुरू झाली. पावणेदहाला काका आले. पुढ्यात उभे राहिले.

"सही ऱ्हायली साहेब."

मी पेन उचललं नाही. आणि मग मी जे केलं ते मला आजही सांगवत नाही. मी कोपर टेबलावर टेकवलं, हनुवटी हातावर टेकल्यासारखं करून तळहाताने तोंड झाकलं आणि हाताआडून म्हणालो, "दर वर्षी आजच का जायचं असतं तुम्हाला बाहेर?"

काका माझ्या हाताकडे बघत राहिले. बाहेर कोणीतरी रांगेत नंबर पुकारत होतं. आपली इतकी वर्षांची जागा, लाल दिव्यासमोरची, आता या हाताच्या मागे आहे, हे त्यांना कळलं असणार. त्यांनी रागाने पाहिलं नाही, विनवणीही केली नाही. गाडीत बसलेल्या माणसाने काच खाली करायला सांगावी तशा आवाजात म्हणाले,

"हात काढा साहेब. दिसत न्हाई."

मी हात काढला. पुन्हा विचारायला मला तोंड उरलं नव्हतं. मी सही केली. ते कागद घेऊन गेले, आणि थोड्या वेळाने खिडकीतून दिसलं, दार उघडलं, मॅट मागे गेली, शूज निघाले, पिशवी मांडीवर आली.

दुसऱ्या दिवशी मी मशीनच्या खोलीत उरलेल्या तिन्ही भिंतींवरही लाल दिवे बसवून घेतले. वरच्या साहेबांनी कारण विचारलं, मी म्हणालो, ऑडिटला बरं दिसतं. काकांनी खोलीत पाऊल टाकलं, चारही भिंतींकडे पाहिलं आणि मिशीतल्या मिशीत हसले. या खेपेला मला ते हसू आढ्यतेचं वाटलं नाही. त्यानंतरचं दीड वर्ष ते त्या खोलीत हवे तिथे उभे राहायचे. मी नियम मोडला, आणि मोडून तो पाळलाही, असं मी स्वतःला सांगतो.

निवृत्तीच्या समारंभात सगळ्यांनी त्यांच्या कानांवर भाषणं केली. मी शेवटच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. आता ते गावी असतात. गार्गी महिन्यातून एकदा तरी जाते, काकूंच्या हातचं पिठलं खाऊन येते आणि मला तिथलं सगळं सांगते. मी ऐकतो. मला अजून पोटात दुखतं, पूर्वीपेक्षा कमी, पण दुखतं. तिला नोकरी लागलीय आणि गाडी आता तीच चालवते. चाकं मी धूत नाही.

परवा आम्ही चिंचवडहून घरी येत होतो. ती चालवत होती, अनवाणी. मी शेजारी. सिग्नलला थांबताना ती एकदम म्हणाली, "बाबा, मागून काहीतरी लागतंय पायाला. बारीक. कळलं तुला?"

मला काहीही कळलं नव्हतं. एसीचा आवाज येत होता आणि माझी मुलगी सिग्नलच्या उजेडात, मान किंचित कलती करून, माझ्या उत्तराची वाट बघत होती.

"हो," मी म्हणालो. "मघापासून."

तिने वाकून माझ्या पायांकडे पाहिलं.

"बूट घालून?"